घरात स्किझोफ्रेनिया आला: पैसा आणि माणसं कशी पुरवायची? सोलापूरकरांसाठी पहिल्या वर्षाची वाट

माझी आई विड्या वळते. भावाचा दिवस कसा गेला हे मी विचारत नाही, संध्याकाळी कामावरून आले की तिच्या सुपात बघते. तो शांत असेल तर आठशे-नऊशे विड्या झालेल्या असतात. रात्रभर जागा असेल, भिंतीकडे तोंड करून बोलत असेल, तर तिचा हात चारशेवर थांबतो. हा आजार किती महाग पडतो हे मी त्या सुपावरूनच शिकले.

नऊ वर्षांपूर्वी भाऊ तेवीस वर्षांचा होता आणि यंत्रमागावर रात्रपाळी करायचा. लूमच्या खडखडाटात आपल्याला कुणीतरी शिव्या देतंय, असं तो सांगू लागला. पहिल्या सहा महिन्यांत आमच्या घरातून एक लाख नव्वद हजार रुपये गेले. त्यात आईच्या पाटल्या आणि भिशीचे पैसेही होते. त्यातले औषधाला गेले अकरा हजार. बाकी सगळे गाड्या, गंडेदोरे, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या त्याच-त्याच तपासण्या आणि बुडालेले पगार यांत संपले. खरी औषधं सुरू व्हायची वेळ आली तेव्हा हात रिकामे होते.

म्हणून हा लेख. स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, नसता संशय), बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल नैराश्य) किंवा भास-भ्रमासकट येणारं मोठं नैराश्य, यांतलं काही तुमच्या घरात नुकतंच आलं असेल तर कुठल्या क्रमाने काय करायचं, ते लिहिते. मी डॉक्टर नाही, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. त्यामुळे हिशेबाचं जरा जास्तच लिहीन.

पहिला आठवडा: आधी दवाखाना

सोलापुरातल्या माणसाला हे सांगणं अवघड असतं, कारण गाणगापूर दोन-अडीच तासांवर, अक्कलकोट आणि तुळजापूर तर त्याहून जवळ. माणूस बरळायला लागला की शेजारीपाजारी ‘बाहेरचं आहे’ म्हणून मोकळे होतात. आम्हीही गाणगापूरला सात पौर्णिमा केल्या. देवाला जाऊ नका असं मी म्हणत नाही. आई आजही जाते आणि तिथून आली की तिला बरं वाटतं. पण जाताना गोळ्यांची पिशवी सोबत असू द्या, आणि ‘आधी देवाचं करू, मग डॉक्टरचं बघू’ असा क्रम लावू नका. उपचाराला जितका उशीर, तितकं माणूस सावरायला जड जातं. आमचे सात महिने तिथे गेले. माझ्या हिशेबाच्या वहीतलं ते एकच पान मला फाडून टाकावंसं वाटतं.

कुणी बांधून ठेवायला, साखळी घालायला सांगितलं तर ताबडतोब उठून या. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी आहे.

सुरुवात सिव्हिलपासून करा. सात रस्त्याच्या रिक्षावाल्याला ‘सिव्हिल’ म्हटलं की पुरे, श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे पूर्ण नाव केसपेपरवर छापलेलं असतं. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि तिथे मनोविकार विभाग आहे. ओपीडीचे वार आणि वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या, नाहीतर एका दिवसाचा पगार फुकट जातो. तालुक्याला राहत असाल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत ठरावीक दिवशी येतात का, याची चौकशी तिथल्याच खिडकीवर करा. खासगीत जायचं असेल तर जा, पण एक डॉक्टर धरा आणि निदान सहा महिने तरी त्यांच्याकडेच राहा. दर महिन्याला नवा डॉक्टर म्हणजे दर महिन्याला नवी गोळी.

डॉक्टरांसमोर बसलात की रुग्ण गप्प होतो, आणि घरचे सगळे एकदम बोलायला लागतात. त्यापेक्षा एका कागदावर आधीच लिहून न्या: झोप कधीपासून बिघडली, काय ऐकू येतं म्हणतो, कुणावर संशय घेतो, जेवण कसं आहे, गांजा-दारू आहे का, लहानपणी फिट्स आल्या होत्या का, डोक्याला मार लागला होता का, घराण्यात आधी कुणाला असं झालं होतं का. पूर्वभागातल्या बऱ्याच घरांत आजी-आईला मराठीपेक्षा तेलुगू सोपी जाते. मग घरातल्या पोराला दुभाषी करण्यापेक्षा तेलुगू येणारा एखादा मोठा माणूस बरोबर घ्या. बारा वर्षांच्या मुलाने ‘मामा म्हणतो आई जेवणात विष घालते’ हे भाषांतर करणं बरं नाही.

रात्री-अपरात्री काय करावं सुचत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून तो सुरू आहे आणि मराठीत बोलता येतं. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायच्या बेतात असेल तर तिथे थांबू नका, ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. घरातलं कीटकनाशक, जादा गोळ्यांची पाकिटं, विळे-कोयते आधीच हलवून ठेवा. जीव द्यायचं बोलला तर ‘नाटक करतो’ म्हणू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.

मग एक दोनशे पानी वही आणा

हे मला कुणी सांगितलं असतं तर पाटल्या वाचल्या असत्या.

डावीकडच्या पानावर पैसे, उजवीकडच्या पानावर माणूस. पैशाच्या पानावर चार रकाने आखा: औषध, तपासणी, येणं-जाणं, आणि चौथा ‘बुडालेलं’. पहिले तीन सगळेच लिहितात. चौथा कुणी लिहीत नाही, आणि खरं भगदाड तिथेच असतं.

मागच्या जून महिन्याचं आमचं पान असं आहे. गोळ्या ७८० रुपये. रक्ततपासणी ४५०. रिक्षा ३२०. आणि बुडालेलं: माझ्या तीन अर्ध्या रजा, आईच्या सात हजार विड्या, भावाची सगळी मजुरी. पहिल्या तीन रकान्यांची बेरीज १,५५० येते. चौथ्याची त्याच्या कितीतरी पट. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात उपचार आणि प्रवास यांवर कुटुंबाच्या खिशातून महिन्याला साधारण १,००० ते १,५०० रुपये जातात असं निघालं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, पण आकडा आमच्याच वहीतून उचलल्यासारखा वाटतो. आणि त्यातही चौथा रकाना नाही.

हा रकाना लिहिल्याने पैसे परत येत नाहीत. पण कळतं की दोनशे रुपयांची गोळी परवडत नाही म्हणून थांबवणं म्हणजे काय. आम्ही एकदा थांबवली. दिवाळीच्या तोंडावर, ‘आता बरा आहे की’ म्हणून. गड्ड्याच्या यात्रेपर्यंत तो ठीक होता. संक्रांतीनंतर दहा रात्री झोपला नाही, मग भरती, मग चार महिने माणूस जागेवर आणण्यात गेले. आईच्या हिशेबात ते साधारण पन्नास हजार विड्यांचं नुकसान.

उजव्या पानावर रोज एक ओळ पुरे: किती तास झोपला, गोळी घेतली का, आंघोळ स्वतः केली का, आज काय वेगळं दिसलं. झोप सहा तासांवरून तीनवर आली की आमच्याकडे पंधरा दिवसांत काहीतरी होतं, हे मला त्या ओळींवरून कळलं. आता तीन रात्री सलग कमी झोप दिसली की मी पुढच्या तारखेची वाट बघत नाही. हीच वही पुढे कागदपत्रांच्या वेळी कशी उपयोगी पडली ते खाली येईलच.

औषधाचा खर्च कमी करायचा, औषध नाही

सरकारी दवाखान्यात अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधं मोफत मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यात आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी हे उपचार पूर्ण मोफत आहेत. प्रत्यक्षात कधी कधी ‘ही गोळी संपलीय, बाहेरून घ्या’ असं होतं. म्हणून गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी जा.

बाहेरून घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा: रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्लोझापिन, लिथियम असं. ते नाव घेऊन आधी जनऔषधी केंद्रात विचारा. तीच गोळी तिथे बरीच स्वस्त पडते. मात्र लिथियम, क्लोझापिन यांची कंपनी आपल्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना सांगूनच बदला. गोळी तोंडात लपवून थुंकत असेल तर त्यावरून रोज भांडण्यापेक्षा, दोन-चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालेल का हे विचारा. आमच्या घरातली अर्धी भांडणं त्या एका प्रश्नाने मिटली.

तपासण्यांवर पैसे वाचवू नका. क्लोझापिनवर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, आणि मध्येच ताप किंवा घसा धरला तर थांबून चालत नाही. लिथियमवर रक्तातली पातळी, थायरॉइड आणि किडनी. ओलान्झापिनने वजन आणि साखर वाढते. माझ्या भावाचं वर्षात चौदा किलो वाढलं होतं आणि आम्ही ‘अंगाला लागलंय’ म्हणून खूश होतो.

आता सोलापूरची गोष्ट. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, घामाने अंगातलं पाणी-मीठ कमी होतं आणि लिथियम रक्तात साचतं. हात जास्त थरथरणं, झोकांड्या, उलट्या, बोबडं बोलणं यांतलं काही दिसलं तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, किंवा सरळ दवाखाना गाठा. जुलाब लागले तरी तेच. कडक एकादशी, निर्जळी उपवास, रोजे यांबद्दल आधी विचारा. डोकं दुखतं म्हणून दुकानातून कसलीही वेदनाशामक गोळी आणून देऊ नका, काही गोळ्यांनी लिथियम वाढतं. भास-भ्रमाच्या औषधांवर असलेल्या माणसालाही उन्हाचा त्रास लवकर होतो. दुपारी बारा ते चार पत्र्याखाली बसवू नका.

आणि विडीचं. विड्या वळणाऱ्या घरात ओढायला विडी कमी पडत नाही. क्लोझापिन चालू असताना ओढणं एकदम वाढलं किंवा एकदम सुटलं तर रक्तातलं औषध कमी-जास्त होतं. सोडायचं ठरवलं तर उत्तमच, फक्त डॉक्टरांना सांगून सोडा.

घरातल्या पाळ्या लावा

लूमवर बारा तासांची पाळी झाली की माणूस बदलतो. घरात मात्र आई चोवीस तास एकाच पाळीत उभी. पहिली तीन वर्षं आमच्याकडे असंच चाललं. मी ‘नोकरी करते’, मोठा दादा ‘पुण्याला आहे’, म्हणजे उरलं कोण? आईला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं पोटभर कधी झोपलात. तिला आठवेना.

नातेवाइकांना ‘जरा लक्ष ठेवा’ असं सांगू नका. त्याचा अर्थ कुणीच काही करणार नाही. नेमकं काम द्या. आमची वाटणी अशी: दादा दर महिन्याच्या पाच तारखेला औषधाचे पैसे पाठवतो, न विचारता. मावशी गुरुवारी दुपारी येऊन बसते, तेवढा वेळ आई कारखान्यात विड्या जमा करून येते. दवाखान्याची तारीख माझी. रात्रीची गोळी आईची. शेजारच्या काकांना एवढंच सांगितलंय की तो गल्लीच्या टोकाला एकटा दिसला तर ‘चल की, चहा घेऊ’ म्हणून घरी आणा. ते चौकशा करत नाहीत, त्यामुळे तो त्यांच्याबरोबर येतो.

दादाबरोबर हे ठरवताना भांडण झालं, ते लपवत नाही. तो म्हणाला, ‘अक्के, मी पैसे देतोय ना.’ मी त्याच्यापुढे वही टाकली आणि चौथा रकाना वाचायला सांगितलं. तेव्हापासून तो वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस रजा काढून येतो आणि आई माझ्या बार्शीच्या मावशीकडे जाते.

एक सल्ला तुम्हाला न मागता मिळेल: ‘लग्न करून द्या, सुधारेल.’ लग्न हे औषध नाही. आणि आजार लपवून केलेलं लग्न कोर्टात रद्द होऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे, आपल्या आईची पाळी आपण एका परक्या पोरीच्या गळ्यात न सांगता बांधतो. तो बरा असेल, त्याची इच्छा असेल, समोरच्यांना सगळं ठाऊक असेल, तर गोष्ट वेगळी.

कागद: इथे इस्त्रीचा शर्ट घालू नका

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि मानसिक आजार त्यांत आहे. ४० टक्के किंवा जास्त असेल तर सवलती मिळतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग तपासणीला बोलावणं येतं, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र. ‘वेडा म्हणून शिक्का बसेल’ ही भीती आम्हालाही होती. दोन वर्षं आम्ही अर्जच केला नाही.

टक्के कसे ठरतात ते समजून घ्या. चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, आणि काम. प्रत्येकी शून्य ते चार गुण, शिवाय आजार किती वर्षांचा आहे याचे वेगळे गुण. एकूण वीसपैकी सात झाले की ४० टक्क्यांच्या घरात येता.

पहिल्या वेळी काय झालं सांगते. साहेबांसमोर जायचं म्हणून आईने भावाची दाढी करवून घेतली, इस्त्रीचा निळा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. आत विचारलं, आंघोळ स्वतः करता का? तो म्हणाला, हो. काम करता का? हो, लूमवर. (पाच वर्षांपूर्वी सुटलेलं.) मित्र आहेत का? खूप. सगळं मान खाली घालून, नम्रपणे. आई बाजूला अभिमानाने उभी, आपलं पोरगं किती छान बोलतंय. ४० च्या खाली टक्के आले. दोष कुणाचा म्हणायचा? पाच मिनिटांत समोर दिसलं ते त्यांनी लिहिलं.

दुसऱ्या वेळी वही नेली. सहा महिन्यांची उजवी पानं: ‘आज आंघोळ नाही, तिसरा दिवस’, ‘आईने भरवलं’, ‘दुकानात पाठवलं, पैसे टाकून परत आला’. जुने सगळे केसपेपर आणि भरतीचे डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावून नेले. खोटं काही सांगायचं नाही, वाढवूनही नाही. फक्त नेहमीचा दिवस दाखवायचा, सणाचा नाही. प्रमाणपत्र काही वर्षांपुरतं असेल तर मुदतीची तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

प्रमाणपत्र आलं की त्यावर काय काय मागता येतं:

संजय गांधी निराधार योजना, अर्ज तहसीलला. दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये, आधी १,५०० होते. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत लागतं आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य. पन्नास हजार म्हणजे घरात एक जण नीट कमावता असला तरी बाहेर. तुम्ही बसत असाल तर मात्र सोडू नका.

एसटीत ७५ टक्के सवलत.

घरात कुणी आयकर भरत असेल आणि जुनी करपद्धत निवडली असेल, तर अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी ७५ हजारांची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. माझ्या कारखान्यातल्या एका साहेबांना हे अकरा वर्षं ठाऊक नव्हतं, आणि ते स्वतः हिशेबखात्यातले.

पेन्शन. ही गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून नीट वाचा. विडी कामगार, गिरणी कामगार, कारखान्यातला कामगार, ज्याचा पीएफ कापला जातो, त्याच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत कायमच्या आणि पूर्ण दिव्यांग मुलाला आईवडिलांच्या मागे वयाची अट न लागता पेन्शन मिळू शकतं. सरकारी नोकरांच्या कुटुंब निवृत्तिवेतनातही कमावू न शकणाऱ्या मनोरुग्ण मुलासाठी तरतूद आहे. पण आईवडील हयात असतानाच मुलाचं नाव, जन्मतारीख आणि प्रमाणपत्र कार्यालयात नोंदवलेलं असेल तर मागून धावपळ होत नाही. आईच्या पीएफच्या कागदावर भावाचं टोपणनाव लागलं होतं. ते दुरुस्त करायला आठ महिने लागले.

आरोग्य विमा असेल तर, मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं हे कायद्यात आहे. पण बहुतेक पॉलिसी भरतीचा खर्च देतात, महिन्याच्या गोळ्यांचा नाही. महात्मा जोतिराव फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, तेही भरतीच्या उपचारांसाठी. या आजारासाठी त्या रुग्णालयात ते लागू आहे का, हे भरतीच्या आधी आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयात बसणारा माणूस) विचारा, नंतर नाही.

भरती करायची वेळ आली तर

तो स्वतः तयार असेल तर स्वेच्छेने भरती होतो आणि स्वतः घरीही येऊ शकतो. तयार नसेल आणि धोका असेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, डॉक्टरांनी तपासून, आधी ३० दिवसांपर्यंत भरती करता येतं. हा प्रतिनिधी नेमणं फार सोपं आहे. तो बरा असताना साध्या कागदावर ‘माझ्या उपचारांबाबत अमुक माझी प्रतिनिधी’ असं लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. आम्ही ते एका रविवारी चहा पिता पिता केलं. त्याने माझं नाव घातलं आणि खाली स्वतःहून एक ओळ लिहिली: पोलिसांना बोलवायचं नाही. ती ओळ आम्ही आजवर पाळली आहे. पाळता आली नाही तर तेही त्याला सांगायचं, असं ठरलंय. पोलिस मध्ये आलेच तर त्यांनी अशा माणसाला कोठडीत ठेवायचं नसतं, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. हे माहीत असलेलं बरं.

सिव्हिलमध्ये सोय झाली नाही तर लोक येरवड्याचं नाव काढतात. पुण्याचं ते प्रादेशिक मनोरुग्णालय. राज्यात ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीलाही अशी आहेत. लांब भरती केलं की हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट, तिथलं राहणं, बुडालेले दिवस हे सगळं चौथ्या रकान्यात येतं. म्हणून शक्य असेल तोवर सोलापुरातच. शॉकचं नाव निघालं तर घाबरून पळू नका. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो द्यायला कायद्याने बंदी आहे. डिस्चार्जच्या वेळी तीन गोष्टी लिहून घ्या: कुठली गोळी किती वाजता, पुढची तारीख, आणि काय दिसलं तर लगेच आणायचं.

कामावर परत

घाई नको. पण बसवूनही ठेवू नका. रात्रपाळी पुन्हा द्यायची नाही, हा आमच्या घरातला एकमेव न मोडणारा नियम. झोपेची गोळी असलेल्या माणसाला चालू मागावर उभं करायचं का, हे डॉक्टरांनी सांगायचं, मालकाने नाही. भाऊ आता एका ठिकाणी टॉवेलच्या घड्या घालतो, सकाळी दहा ते दोन. पहिल्या दिवशी चाळीस घड्या झाल्या. त्याचे पैसे त्याच्या खात्यात जातात, घरखर्चात धरत नाही. त्याला आवडते ती सिद्धेश्वर तलावाकाठची भेळ तो स्वतःच्या पैशाने खातो.

सांभाळणाऱ्याने कुणाशी बोलायचं? पुण्यात सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था १९९७ पासून आहे, डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेली. तिथे कुटुंबीयांचे स्वमदत गट चालतात. दादा पुण्याला असल्याचा हा एक फायदा झाला, तो एकदा जाऊन बसला आणि परत येऊन आईशी आयुष्यात पहिल्यांदा नीट बोलला. १४४१६ हा नंबर तुमच्यासाठीही आहे, फक्त रुग्णासाठी नाही. तुमची साखर, तुमचं बीपी त्याच्या तारखेलाच तपासून घ्या, वेगळा दिवस कधी निघत नाही.

‘आपल्यानंतर’चं पान

घर कुणाच्या नावावर, त्याचं काय, हे आईवडील हातपाय चालते असतानाच ठरवा. उपचारासाठी नेमलेल्या प्रतिनिधीला मालमत्तेचा अधिकार मिळत नाही. मतिमंदत्व, ऑटिझम यांच्यासाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याने पालक नेमण्याची सोय आहे. मानसिक आजार त्यात नाही, आणि या गोंधळात लोक वर्षभर चुकीच्या दारात बसतात. म्हणून मृत्युपत्र करा, त्याच्या हिश्श्याची व्यवस्था कोण बघणार ते त्यात लिहा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिला आणि दिव्यांग यांना तिथे मोफत मदत मिळते.

आणि वहीचं शेवटचं पान कोरं ठेवा. आमचं आईने सांगितलं आणि मी लिहून घेतलं, एका भारनियमनाच्या संध्याकाळी, ती अंधारात अंदाजाने विडीला दोरा बांधत असताना. गोळ्या कुठल्या डब्यात. डॉक्टरांचा नंबर. वांगं खात नाही. पंख्याचा आवाज झाला की उठतो, त्या पंख्याला तेल द्यायचं. केस कापायला कुठल्या सलूनमध्ये जातो. मी लिहीत होते, ती थांबली आणि म्हणाली, हे पण लिही: औषधाने त्याचं तोंड कोरडं पडतं, कडक भाकरी गिळत नाही, दुधात कुस्करून द्यायची.